डावं-उजवं

डीटीपीवाला म्हणजे दिवसभर पानं लावणारा माणूस, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याचा अर्धा दिवस फाइली इकडच्या तिकडे करण्यात जातो. एका लेखकाचं मॅटर मेलवर येतं, दुसऱ्याचं व्हॉट्सॲपवर. तिसरा पेन ड्राइव्ह हातात ठेवून सांगतो, ‘‘यातलं सगळं घेऊ नका, नवीन तेवढंच घ्या.’’ नवीन कुठलं, हे आपण ओळखायचं. मग प्रूफाची पीडीएफ बाहेर जाते, दुरुस्त्या आत येतात, फॉर्मे तयार झाले की छापखान्याच्या फोल्डरमध्ये पडतात आणि रात्री सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाते. या ये-जा करण्याला दोन पॅनलचा फाइल मॅनेजर बरा, हे मला धंद्यात पडल्यापासून ठाऊक होतं. तो कोणता घ्यावा आणि कसा वापरावा, यात मात्र मी एकही चूक करायची सोडली नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्क्रीनचे उभे दोन भाग. डावीकडे एक फोल्डर उघडं, उजवीकडे दुसरं. टॅब दाबला की या भागातून त्या भागात जायचं. तुम्ही ज्या भागात आहात तिथून फाइल निघणार आणि समोरच्या भागात पोचणार, ‘कुठे पाठवू?’ हे वेगळं सांगावं लागत नाही. एफ ५ दाबलं की कॉपी, एफ ६ दाबलं की फाइल हलते, एफ ७ ने नवं फोल्डर, एफ ८ ने डिलीट. ही घडी बसवली ती १९८६ साली आलेल्या नॉर्टन कमांडरने. जॉन सोचा यांनी तो डॉससाठी लिहिला. ते निळे पडदे आता गेले, पण घडी राहिली. विंडोजवर टोटल कमांडर आणि फार, लिनक्सवर मिडनाइट कमांडर आणि क्रुसेडर, दोन्हीकडे चालणारा डबल कमांडर, हे सगळे त्याच घराण्यातले. एकाची सवय असली की दुसऱ्यावर हात बसायला वेळ लागत नाही.

हे माहीत असतं, तर मी तो तक्ता केलाच नसता. एका रिकाम्या दुपारी मी आर्ट पेपरच्या कोऱ्या कटिंगवर रकाने आखले. कोणाला झिप उघडता येते, कोणाला रार, कोणात एफटीपी आहे, कोण दोनऐवजी चार भाग दाखवतो, कोणाला जोडायला जास्त प्लगइन मिळतात. ज्याच्या नावापुढे सर्वांत जास्त बरोबरच्या खुणा, तो जिंकला. एफटीपीची खूण त्यात मोठ्या दिमाखात होती. मला आजतागायत एफटीपी लागलेलं नाही. चार भागांची हौस तर पहिल्याच आठवड्यात फिटली. दोन भागांत ‘समोरचा’ कोण हे डोळे मिटून सांगता येतं. चारांत प्रत्येक वेळी नावं वाचावी लागतात, आणि मग एक्स्प्लोररच्या चार खिडक्या काय वाईट होत्या?

त्यानंतर रंग. फाइलच्या प्रकाराप्रमाणे नावाला रंग देता येतो हे कळल्यावर मी पीडीएफ तांबड्या, इनडिझाइनच्या गुलाबी, पेजमेकरच्या जुन्या फाइली करड्या आणि वर्डच्या निळ्या करून ठेवल्या. दिसायला झकास. पण कामात मला हवा होता तो फरक वेगळाच होता: एकाच लेखाच्या ‘फायनल’, ‘फायनल-२’ आणि ‘फायनल लेटेस्ट’ यांतली खरी शेवटची कोणती? तिन्ही फाइली वर्डच्या, म्हणजे तिन्ही निळ्या. त्याचं उत्तर तारीख-वेळेच्या रकान्यात होतं, आणि देखण्या मांडणीत जागा पुरेना म्हणून मी नेमका तोच रकाना बंद केला होता.

या खटाटोपाला मी निवड म्हणत होतो. खरं तर मी तोवर एकही प्रोग्राम खऱ्या कामावर चालवून पाहिला नव्हता. चाचणीसाठी नवं फोल्डर करायचं, त्यात दोन-चार फालतू फाइली टाकायच्या आणि इकडून तिकडे कॉपी मारून बघायची, इतकंच. रिकाम्या फोल्डरवर सगळेच प्रोग्राम चांगले असतात.

दुसरी चूक मी ऑफिसवर लादली. माझा हात बसला म्हणताना तिन्ही मशिनवर तोच प्रोग्राम टाकला, एक्स्प्लोररचे शॉर्टकट डेस्कटॉपवरून काढून टाकले आणि ‘आता माउसला हात लावायचा नाही’ असं जाहीर केलं. कंपोझिंग करणाऱ्या ताई माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठ्या. त्यांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘‘तुमचं ते एफ ५ फार भयंकर आहे हो. मी रिफ्रेश करायला जाते आणि ते कॉपी करू का विचारतं.’’

त्यांचं शंभर टक्के खरं होतं. एक्स्प्लोररमध्ये एफ ५ म्हणजे रिफ्रेश, ब्राउझरमध्येही रिफ्रेश. सर्व्हरच्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली का हे बघायला त्या वर्षानुवर्षं एफ ५ दाबत आल्या होत्या. नव्या प्रोग्राममध्ये त्याच बटणाने कॉपीची चौकट उघडायची आणि सवयीने एन्टर दाबला जायचा. परिणामी लेखांच्या जादा प्रती भलत्याच फोल्डरांत जाऊन बसत होत्या आणि त्यांतलीच एखादी पुढे कोणीतरी पानावर लावत होतं. लॅपटॉपवर आणखी निराळा घोळ. तिथे वरच्या रांगेतली बटणं मुळात आवाज आणि उजेड कमी-जास्त करायला असतात; एफएन सोबत दाबल्याशिवाय एफ ५ हे एफ ५ होतच नाही. आमचा लेआउटवाला मुलगा फाइल कॉपी करायला जायचा आणि स्क्रीन अंधारायची. मी त्याला ‘सवय होईल’ म्हणत राहिलो. सवय झाली ती त्याला माझ्यामागे एक्स्प्लोरर उघडायची.

ज्याला दिवसाकाठी पाच-सात फाइली हलवायच्या आहेत त्याला दोन पॅनलची गरजच नसते. विंडोजचं बटण धरून डावा बाण दाबला की एक खिडकी डावीकडे चिकटते, उजवा बाण दाबला की दुसरी उजवीकडे, आणि काम भागतं. २०२२ पासून विंडोज ११ च्या एक्स्प्लोररमध्ये टॅबही आले आहेत. मी मात्र माझ्या कामाचं माप सगळ्यांना लावलं. आता ताईंच्या मशिनवर एक्स्प्लोरर आहे आणि त्यांच्या हातून फाइल हरवल्याचं मला आठवत नाही.

तिसरी चूक नावांची. आपल्याकडच्या डीटीपीत मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टांत असला, तरी फाइलींची नावं बरीच वर्षं रोमन होती, तीही आखूड. मग मोबाइलवर मराठी टाइप करणं सोपं झालं आणि लेखकांकडून देवनागरी नावांच्या फाइली यायला लागल्या. माझ्याकडे टोटल कमांडरची जुनी आवृत्ती होती. ख्रिश्चन गिस्लर या स्विस प्रोग्रामरचा हा प्रोग्राम १९९३ पासून चालू आहे. आधी त्याचं नाव विंडोज कमांडर होतं, २००२ मध्ये ते बदललं. त्यात युनिकोड नावांची सोय २००९ च्या ७.५ आवृत्तीत आली. माझी त्याआधीची. चालतंय तर कशाला बदला, या हिशेबाने मी तिला चिकटून होतो. विंडोजच्या जुन्या पद्धतीत रशियन, ग्रीक, अरबी अशा लिप्यांना आपापले संकेततक्ते होते. देवनागरीला तसा तक्ता कधी नव्हताच. त्यामुळे जुन्या प्रोग्रामला देवनागरी नाव वाचताच येत नाही आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. आलेल्या कथांचं फोल्डर उघडलं की माझ्यासमोर प्रश्नचिन्हांची रांग.

यावर नवी आवृत्ती घेणं हा उपाय होता. मी काय केलं? एक्स्प्लोरर उघडला, सगळ्या फाइली निवडल्या, एफ २ दाबलं, रोमन लिपीत एक नाव टाइप केलं आणि एन्टर मारला. एक्स्प्लोररने आज्ञाधारकपणे सगळ्यांना तेच नाव आणि पुढे कंसात ओळीने आकडे दिले: katha (1), katha (2), katha (3). नावं स्वच्छ, वाचता येतील अशी. लेखकांची नावं मात्र त्यात पुसली गेली. बरेच लेखक कथेच्या खाली नाव लिहीत नाहीत. फाइलला नाव दिलं आहे म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं. हे लक्षात आलं तोवर मशिन बंद करून पुन्हा चालू झालेलं होतं, त्यामुळे कंट्रोल-झेड मारून परतीची वाटही नव्हती. पुढचे काही दिवस मी लेखकांना फोन करून त्यांच्याच कथेची पहिली ओळ वाचून दाखवत होतो आणि ‘ही आपलीच ना?’ विचारत होतो. एका ज्येष्ठ लेखिकेने शांतपणे सांगितलं, ‘‘माझी नाही. पण बरी दिसतेय, छापा.’’

आता नावं बदलायची तर मी कंट्रोल-एम दाबून उघडणारी खिडकी वापरतो. डावीकडे जुनं नाव, उजवीकडे होणारं नवं नाव, ओळीला ओळ. पटलं तरच पुढचं बटण. नंतर पस्तावलं तर उलटं फिरवायचीही सोय आहे. ही खिडकी माझ्या त्या जुन्या आवृत्तीतही होती. तक्त्यात तिच्यासमोर बरोबरची खूणसुद्धा मी केली होती.

नावांचाच आणखी एक धडा, जो इंग्रजी नावांच्या फाइली वापरणाऱ्याला सहसा मिळत नाही. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंतच्या सगळ्या पत्त्याला जुनी मर्यादा आहे २६० चिन्हांची. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त यांतलं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरांची दिसते, संगणकाला ती अकरा चिन्हांची. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, त्यावर लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव आणि गाव, असं मी हौसेने लिहीत गेलो आणि एक दिवस एक्स्प्लोरर कॉपीच करेना. लिनक्सच्या मशिनवर गणित वेगळं: एका नावाला २५५ बाइट, आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हांत नाव आटोपायला हवं. विंडोज १० मध्ये २०१६ पासून २६० ची मर्यादा उठवायची सोय आहे, पण प्रोग्रामनेही ती सोय स्वीकारलेली असावी लागते. म्हणून नवा फाइल मॅनेजर घेताना असा एक लांबलचक मराठी पत्ता त्याला खायला घालून बघावा. मी तो घातला तो बॅकअपच्या रात्री, घाईत.

आता चौथी चूक, जिने माझ्या तोंडचं पाणी पळवलं. दोन पॅनलच्या बहुतेक प्रोग्रामांत दोन फोल्डरं ताडून एकसारखी करायची सोय असते. दोन्ही बाजूंच्या फाइलींची यादी येते, मधल्या रकान्यात बाण असतात. बाण उजवीकडे, तर डावी फाइल उजवीकडे जाणार. डावीकडे, तर उलट. सोबत एक चौकोन असतो. त्यात खूण केली की प्रोग्राम दोन्ही बाजू सारख्या मानत नाही. उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करतो. डावीकडे नसलेलं उजवीकडून पुसतो, आणि उजवीकडची फाइल नवी असली तरी तिच्यावर डावीकडची जुनी चढवतो. बॅकअपसाठी ही सोय उत्तम आहे. अट एकच: डावीकडे काम आणि उजवीकडे बॅकअप असायला हवा.

माझं तसंच असायचं. दिवाळी अंकाचं काम ऐन भरात असताना एका रात्री बॅकअपमधलं काहीतरी बघायला मी कंट्रोल-यू दाबून दोन्ही बाजूंची अदलाबदल केली आणि तशीच ठेवून मशिन बंद केलं. प्रोग्राम इमानी; सकाळी त्याने रात्रीची मांडणी जशीच्या तशी समोर ठेवली. डावीकडे बाहेरची डिस्क, उजवीकडे चालू काम. चौकोनातली खूण आदल्या वेळची, तशीच. मी ताडणी लावली, यादी आली, बाण सगळे उजवीकडे, रोजच्यासारखेच. पुसायच्या फाइलींच्या ओळी वेगळ्या खुणेच्या होत्या आणि त्या दिवशी पुष्कळ होत्या. वर दोन्ही बाजूंचे पत्ते स्पष्ट लिहिलेले होते. खाली किती फाइली पुसल्या जाणार त्याचा आकडा होता. चहा हातात होता. मी ओके दाबलं.

पुसल्या गेलेल्या बऱ्याच फाइली रिसायकल बिनमधून परत मिळाल्या. पण एका फाइलीवर दुसरी चढली की खालची बिनमध्ये जात नाही. ती गेलीच. दुरुस्त्या घातलेल्या फॉर्म्यांच्या जागी दुरुस्तीआधीचे फॉर्मे येऊन बसले होते. मुद्रितशोधकांना पाठवलेल्या पीडीएफ मेलमध्ये होत्या, म्हणून क्षणभर हायसं वाटलं. पण जुन्या फॉन्टांतल्या पीडीएफमधून मजकूर उचलायला गेलं की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. त्यामुळे लाल शाईच्या कागदी प्रूफांचा गठ्ठा पुन्हा काढला आणि सगळ्या दुरुस्त्या पहिल्यापासून हाताने घातल्या. ताई मदतीला थांबल्या. एक्स्प्लोररबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

त्यानंतर मी तो प्रोग्राम काढून टाकला आणि दोन पॅनलचा प्रकारच धोकादायक आहे असं चार लोकांना सांगत सुटलो. ही पाचवी चूक. प्रोग्रामने मला दोन्ही पत्ते दाखवले होते, बाण दाखवले होते, आकडा दाखवला होता. मी वाचलं नव्हतं. दुसऱ्या एका प्रोग्रामवर काही महिने काढल्यावर फरक कळला. त्यात फाइलीवर फाइल चढवताना नुसतं ‘आहे त्यावर चढवू का?’ इतकंच विचारलं जायचं. कोणती मोठी, कोणती नवी, काही पत्ता नाही. तेव्हा समजलं की मी ज्याच्यावर रागावलो होतो तोच जास्त प्रामाणिक होता. निमूट परत आलो, या वेळी परवाना घेऊन. तोवर मी टोटल कमांडर उघडताना येणाऱ्या चौकटीत सांगेल तो आकडा, एक, दोन किंवा तीन, दाबून फुकट काम चालवत होतो. एक महिना वापरून बघायची मुभा असते. माझा महिना वर्षानुवर्षं लांबला होता. लिनक्सच्या मशिनवर डबल कमांडर आहे. तो मोफत आणि मुक्त आहे, बटणंही तीच.

आता कोणी विचारलं की कोणता घेऊ, तर मी नाव शेवटी सांगतो. आधी सांगतो, आपल्या खऱ्या कामाच्या फोल्डरची एक प्रत काढा आणि तिच्यावर चार गोष्टी करून बघा. एक, त्याच नावाची जुनी फाइल नव्या फाइलीवर चढवायला जा. प्रोग्राम दोन्हींची तारीख आणि आकार शेजारी-शेजारी दाखवतो का, आणि ‘जुन्या असतील तेवढ्यांवरच चढव’ असं सांगता येतं का, ते बघा. दोन, मराठी नावांच्या पंचवीस फाइलींची नावं एका दमात बदला. बदलण्याआधी नवी नावं दिसतात का, बदलल्यावर मागे फिरता येतं का, ते तपासा. तीन, दोन फोल्डरं ताडून बघा आणि पुसलं जाणारं नजरेत भरतं का ते पाहा. चार, पेन ड्राइव्हवरची आणि नेटवर्कवरची फाइल डिलीट मारा. तिथलं डिलीट केलेलं विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सहसा जात नाही. प्रोग्राम तसं आधी बजावतो का? पेन ड्राइव्हवर ही परीक्षा मी नकळत दिली आहे, लेखकाच्या समोर.

या चारांत पास होणारा कोणताही घ्या. टोटल कमांडर, डबल कमांडर, फार, क्रुसेडर, डॉल्फिन किंवा नेमोमध्ये एफ ३ दाबून उघडणारा दुसरा भाग. जो हाताला बसेल तो. मात्र नव्या आवृत्तीत सोय काढली जाऊ शकते हेही धरून चाला: लिनक्सवरच्या नॉटिलसमध्ये दोन भाग होते, २०१२ च्या ३.६ मध्ये ते गेले. प्रोग्राम किती कामं करतो याची यादी बाजूला ठेवा. करण्याआधी तो काय दाखवतो, तेवढं बघा.

आणि निवड झाली की डावीकडे काम, उजवीकडे बॅकअप हे एकदाच ठरवून घ्या. बॅकअप आरशासारखा ठेवू नका. तारखेचं वेगळं फोल्डर करून त्यात टाका, म्हणजे आजची चूक कालच्या प्रतीवर चढणार नाही. ताडणीची यादी आली की वरचे दोन्ही पत्ते मोठ्याने वाचा. ऑफिसातली माणसं हसतील. माझ्या ऑफिसातली हसतात, आणि मी वाचतो.